परप्रांतातले नाव

एखाद्या देशाने आपला पहिला प्रमुख निवडावा आणि ती वार्ता रीतसर त्याच्या दारी पोचायला जवळजवळ दहा आठवडे लागावेत, तर मधल्या त्या दिवसांत तो पुरुष नेमका कोण असतो? नागरिक, की राष्ट्राध्यक्ष, की दोहोंच्या उंबरठ्यावर तिष्ठत राहिलेला कुणी तिसराच? ४ फेब्रुवारी १७८९ रोजी अमेरिकेतल्या दहा राज्यांत, ज्याच्या त्याच्या राज्यात एकत्र आलेल्या ६९ निर्वाचकांनी मते लिहिली आणि त्या प्रत्येकाच्या कागदावर जॉर्ज वॉशिंग्टन हे नाव उमटले. उत्तर कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड यांनी अजून नवी राज्यघटना स्वीकारलेलीच नव्हती. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाची दोन सभागृहे निर्वाचक कुणी नेमायचे यावरून भांडत बसली आणि त्या भांडणात ते राज्य पहिल्याच निवडणुकीला मुकले. लखोट्यांवर लाखेची मोहर बसली, आणि मग कित्येक आठवडे काहीच घडले नाही. ४ मार्चला न्यूयॉर्कमध्ये भरायचे नवे काँग्रेस गणसंख्येअभावी भरेना. वसंतातल्या चिखलाच्या वाटा तुडवीत सदस्य एकेक करून येत राहिले, आणि लखोटे फुटायला ६ एप्रिल उजाडला. तेथून चार्ल्स टॉमसन हे वृद्ध सचिव निघाले आणि १४ एप्रिलला व्हर्जिनियात, माउंट व्हर्ननच्या दारी उतरले. कुजबूज अर्थातच त्यांच्या आधी पोचली होती. अफाट जमिनीच्या त्या धन्याकडे रोकड इतकी कमी होती की देणी भागवून न्यूयॉर्कची वाट धरण्यासाठी त्याला अलेक्झांड्रियातल्या एका गृहस्थाकडून कर्ज काढावे लागले. आणि हेन्री नॉक्स या जुन्या सहकाऱ्याला लिहिताना आपली मनःस्थिती वधस्थळाकडे चाललेल्या अपराध्यासारखी असल्याची कबुली त्याने दिली होती.

हा विलंब मला फार बोलका वाटतो. तो रस्त्यांच्या दुरवस्थेतून आला होता हे खरे, पण केवळ तिथूनच आला होता असे म्हणवत नाही. त्या व्यवस्थेच्या रचनाकारांना विलंब नकोसा नव्हता, काही अंशी तो त्यांना हवाच होता. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी मार्च १७८८ मध्ये लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ मालिकेतल्या ६८व्या लेखात या पद्धतीचे समर्थन वाचताना जाणवते की त्यांच्या दृष्टीने अंतर हाच तट होता. निर्वाचक सगळे एका जागी कधी जमायचेच नाहीत. प्रत्येकाने आपापल्या राज्यात, परंतु सर्वांनी एकाच दिवशी मत द्यायचे आणि पांगायचे. ज्या मंडळाला सभागृह नाही, अध्यक्ष नाही, दुसरी बैठक नाही, त्याला भुलवणार कोण आणि विकत घेणार कसे? कारस्थानाला कुजबुजण्यासाठी एक खोली लागते, आणि तीच येथे काढून घेतलेली होती. पुढे १७९२ च्या कायद्याने या अंतराचाही हिशेब मांडला: मतांचा लखोटा राजधानीत नेणाऱ्या दूताला मैलामागे २५ सेंट, आणि त्याने हयगय केली तर हजार डॉलर दंड. लोकेच्छा म्हणून ज्या अमूर्त शक्तीविषयी आपण एवढ्या गांभीर्याने बोलतो, तिलाही कुणाच्या तरी घोड्याची पाठ लागते, या जाणिवेत मला विनोदापेक्षा करुणाच अधिक दिसते.

स्वतःवरच विश्वास नसणे हा मनुष्याच्या राजकीय प्रज्ञेचा प्रारंभबिंदू असावा. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने आपला डोज, म्हणजे प्रमुख, निवडण्यासाठी १२६८ मध्ये जी रीत बसवली, ती आठवते. महापरिषदेतून चिठ्ठ्यांनी तीस जण काढायचे, त्यांतून चिठ्ठ्यांनीच नऊ उरवायचे, त्या नऊ जणांनी चाळीस निवडायचे, चाळिसांतून पुन्हा बारा. अशी दैव आणि विवेक यांची आलटून पालटून गाठ मारत मारत शेवटी एक्केचाळीस जणांपाशी यायचे आणि त्यांनी डोज ठरवायचा. चिठ्ठ्यांच्या जागी वापरलेले चेंडू काढायला वाटेवरचा एक मुलगा आणायचा, कारण ज्याला काही कळत नाही त्याचाच हात निर्मळ. जॉन ॲडम्स यांनी १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इतर जुन्या प्रजासत्ताकांबरोबर व्हेनिसचीही चिकित्सा केली होती. काळाची थट्टा अशी की ४ मार्च १७९७ रोजी ॲडम्स स्वतः नव्या पद्धतीने निवडलेले दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुरते अडीच महिनेही लोटले नव्हते तोच व्हेनिसचा शेवटचा डोज लुदोव्हिको मानिन नेपोलियनच्या धाकाने पायउतार झाला. पाच शतके टिकलेला तो गुंता निवडीत दगा होऊ नये म्हणून विणला होता. दगा झाला नाही, राज्य तेवढे गेले.

फिलाडेल्फियात १७८७ च्या उन्हाळ्यात बसलेल्या मंडळींना असा गुंता विणण्याची हौस नव्हती. त्यांना प्रश्न साधाच वाटत होता आणि तो सुटत मात्र नव्हता. विधिमंडळाने प्रमुख निवडावा, तर तो विधिमंडळाचा मिंधा होणार. लोकांनी थेट निवडावा, असे पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन जूनच्या आरंभीच सुचवत होते. पण व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांच्या मते एवढ्या विस्तीर्ण देशात सामान्य माणसाला दूरच्या उमेदवाराची पारख करायला लावणे म्हणजे आंधळ्याला रंग ओळखायला सांगणे होते. एकदा ठरवायचे, पुन्हा मोडायचे, पुन्हा त्याच मुक्कामाला यायचे, असे महिनोनमहिने चालले. विल्सन यांनीच सप्टेंबरात म्हटले की सभेपुढे आलेल्या सर्व प्रश्नांत हा सर्वांत अवघड. अखेरीस उरलेसुरले प्रश्न सोडवण्यासाठी नेमलेल्या अकरा जणांच्या समितीने ४ सप्टेंबरला निर्वाचकांची योजना मांडली, आणि घरी जायला उत्सुक झालेल्या सभेने काही फेरफार करून ती पत्करली. या सर्व काळात अध्यक्षाच्या उंच खुर्चीत वॉशिंग्टन जवळजवळ निःशब्द बसून होते. पद निर्माण होत होते आणि त्या पदावर बसणारा समोर दिसत होता. त्याच्या देखत त्याच्या अधिकारांना कात्री लावायला कुणाची जीभ रेटली असेल? एखाद्या देवळात आधी मूर्तीचे मान ठरावे आणि मग गर्भगृहाचे. येथेही तसेच झाले, आणि त्या मूर्तीनंतर त्याच गाभाऱ्यात कोण कोण येऊन बसणार हा प्रश्न त्या उन्हाळ्यात कुणी फारसा लावून धरला नाही.

या साऱ्या योजनेत मला सर्वाधिक विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे ते दोन नावांचे कलम. मूळ घटनेनुसार प्रत्येक निर्वाचकाने दोन व्यक्तींना मत द्यायचे, आणि त्यांपैकी निदान एक तरी त्याच्या स्वतःच्या राज्यातला नसावा. कोण राष्ट्राध्यक्ष आणि कोण उपराष्ट्राध्यक्ष असा भेद कागदावर करायचा नाही. सर्वांची मते एकत्र मोजल्यावर ज्याला सर्वाधिक आणि निर्वाचकांच्या निम्म्याहून जास्त, तो राष्ट्राध्यक्ष. त्याच्या मागचा उपराष्ट्राध्यक्ष. कारण उघड होते. तेरा राज्ये तेरा भावंडांसारखी एकमेकांकडे तिरप्या नजरेने पाहत होती, आणि प्रत्येक राज्य आपल्याच सुपुत्राचे नाव पुढे करणार हे सर्वांना ठाऊक होते. तेव्हा एक नाव आपल्या मातीतले लिही, पण दुसरे लिहिताना सीमेपलीकडे पाहा, अशी ही आज्ञा होती. २५ जुलैच्या चर्चेत ही कल्पना आकाराला येत असताना जेम्स मॅडिसन म्हणाले होते की या रीतीने बहुतेकांच्या मनातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूसच वस्तुतः पहिला ठरेल.

या विधानापाशी थोडे थांबावेसे वाटते. आपल्या माणसाला मत देणे ही प्रीती. तीत ज्ञानाचा अंश असतो, पण ती ज्ञानावर अवलंबून नसते. परक्या प्रांतातल्या माणसाचे नाव लिहायचे तर त्याच्याविषयी काही ऐकलेले, वाचलेले, पारखलेले असावे लागते. त्याची कीर्ती डोंगर-नद्या ओलांडून आपल्यापर्यंत आलेली असावी लागते आणि ती ग्रहण करण्याइतके आपले मन रिकामे असावे लागते. कायद्याने सहसा माणसाला काही न करण्यास सांगितलेले असते. येथे कायदा माणसाच्या कुतूहलाला हुकूम सोडत होता. तुझ्या अंगणाबाहेर कोण थोर आहे ते शोध, एवढेच नव्हे तर ते नाव आपल्या लाडक्या नावाशेजारी, त्याच तोलाने लिही. मला ही त्या घटनेतील सर्वांत कोमल आणि सर्वांत धाडसी अपेक्षा वाटते. उपराष्ट्राध्यक्षाचे पद म्हणजे तिचीच सावली: उत्तर कॅरोलिनाचे ह्यू विल्यमसन यांनी ७ सप्टेंबरला सभेत स्पष्टच सांगितले की हे पद काही गरजेपोटी आलेले नाही, दोघांना एकाच वेळी निवडण्याच्या पद्धतीपायी आले आहे. दुसरे नाव लोकांनी गांभीर्याने लिहावे म्हणून त्याला एक आसन देण्यात आले.

आणि याच अपेक्षेचा दुबळेपणाही त्याच दिवशी, त्याच मॅडिसन यांनी बोलून दाखवला होता. आपल्या आवडत्या माणसाला धक्का लागू नये म्हणून मतदार दुसरे मत मुद्दाम कुणा क्षुल्लक परप्रांतीयाच्या नावे फेकून देईल, ही त्यांची शंका. ती खरी ठरायला उणीपुरी दोन वर्षेही लागली नाहीत. १७८९ च्या त्या पहिल्याच निवडणुकीत हॅमिल्टन यांना धास्ती वाटली की ॲडम्सनाही सगळ्यांचीच दुसरी मते पडली तर वॉशिंग्टनशी बरोबरी होईल, न जाणो अपघाताने पुढेही जातील. म्हणून त्यांनी इकडे-तिकडे निरोप धाडून काही मते ॲडम्सवरून वळवली. ॲडम्सच्या वाट्याला ३४ आली, बहुमताला एक कमी, आणि त्या मानी माणसाला तो अपमान दीर्घकाळ सलत राहिला. कारस्थानाची खोली बांधायलाच नको म्हणून ज्या लेखकाने अंतराचा तट वर्णिला होता, त्यानेच त्या तटातून टपालाची वाट काढली. मी हे हॅमिल्टन यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. रचना करणारा आणि ती वापरणारा एकाच देहात वास करीत असले तरी त्यांची ओळख असतेच असे नाही.

वॉशिंग्टन होते तोवर सगळे झाकून गेले. १७९२ मध्ये पुन्हा सर्वच्या सर्व, १३२ निर्वाचकांनी त्यांचे नाव लिहिले. १७९६ च्या सप्टेंबरात त्यांचे निरोपाचे निवेदन वृत्तपत्रात छापून आले, आणि तेव्हा कुठे खरी निवडणूक म्हणजे काय ते देशाला कळले.

त्या वर्षीचा पेनसिल्व्हेनियाचा एक निर्वाचक माझ्या मनातून जात नाही. सॅम्युअल माइल्स हे स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, फिलाडेल्फियाचे महापौरपद भूषवलेले गृहस्थ. फेडरलिस्ट पक्षाच्या यादीतून ते निर्वाचक झाले आणि मत देताना त्यांनी आपल्या पक्षाच्या ॲडम्सना डावलून विरोधी गटाच्या थॉमस जेफर्सन यांचे नाव लिहिले; दुसरे नाव फेडरलिस्ट थॉमस पिंकनी यांचे. घटनाकारांना अभिप्रेत होते ते हेच की: विवेकी, स्वतंत्र, पक्षाच्या पलीकडे पाहणारा माणूस एकांतात बसतो आणि ठरवतो. पण एका संतप्त मतदाराने वृत्तपत्रात लिहून विचारले, ॲडम्स की जेफर्सन हे माझ्या वतीने ठरवण्यासाठी मी या माणसाला निवडले काय? मी त्याला कृती करायला निवडले, विचार करायला नव्हे. या प्रश्नात उद्धटपणा आहे आणि लोकशाहीचे एक अत्यंत न्याय्य गाऱ्हाणेही आहे, आणि दोन्ही वेगळी करता येत नाहीत. ॲडम्स ७१ विरुद्ध ६८ अशा निसटत्या फरकाने जिंकले म्हणून माइल्स यांचे नाव इतिहासाच्या तळटिपेत गेले. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने निर्णय दिला की निर्वाचकाला त्याच्या वचनाशी बांधून घेण्याचा राज्यांना अधिकार आहे; त्या अनाम पत्रलेखकाला सव्वादोनशे वर्षांनी न्याय मिळाला असे म्हणायचे, की माइल्सना सव्वादोनशे वर्षांनी शिक्षा झाली, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मनुष्याच्या स्वतंत्र विवेकावर रचलेली व्यवस्था त्याच्या निष्ठेनेही मोडते, हे मात्र १८०० सालाने दाखवले. जेफर्सनच्या रिपब्लिकन पक्षाने जेफर्सन आणि न्यूयॉर्कचे ॲरन बर ही दोन नावे ठरवली होती. त्यांच्या ७३ निर्वाचकांपैकी एकानेही दुसरे नाव गाळले नाही. फेडरलिस्टांनी एक मत जॉन जे यांच्याकडे वळवून ॲडम्स ६५ आणि पिंकनी (थॉमस यांचे बंधू) ६४ असा क्रम राखला होता. जिंकणाऱ्यांना ती खबरदारी सुचली नाही, की सुचूनही ती घेण्याचे काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवले. परिणामी ७३ आणि ७३. कागदावर राष्ट्राध्यक्ष कोण आणि दुय्यम कोण हे लिहिण्याची सोयच नव्हती, आणि मनातले मोजण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. बर यांनी एका शब्दात मागे सरायचे होते. तो शब्द त्यांनी हवा तितक्या स्पष्टपणे उच्चारला नाही. मौनाचा असा उपयोग करणारी माणसे सर्वच काळांत असतात.

बरोबरी सुटेना तर निर्णय प्रतिनिधिगृहाकडे, आणि तेथे मत माणसागणिक नसून राज्यागणिक एक. सोळा राज्ये, जिंकायला नऊ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१ रोजी अर्धवट बांधलेल्या कॅपिटॉलमध्ये, बाहेर हिमवर्षाव चालू असताना, उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने जेफर्सननी स्वतःच मतांचे लखोटे उघडले. चार वर्षांपूर्वी ॲडम्स यांनीही असेच आपल्या विजयाचे आकडे स्वतःच्या तोंडाने वाचले होते. मग मतदान सुरू झाले. आठ राज्ये जेफर्सनकडे, सहा बरकडे, दोन दुभंगलेली. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच, रात्रभर. मेरिलँडचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणलेले असताना त्यांना बर्फातून उचलून आणले गेले. शेजारच्या खोलीत खाट टाकली होती, पत्नी उशाशी होती, आणि प्रत्येक फेरीला ते अंथरुणातून आपली चिठ्ठी लिहीत होते, कारण ते नसते तर मेरिलँडचे मत बरच्या पारड्यात गेले असते. पस्तीस फेऱ्यांत तसूभर फरक पडला नाही. शेवटी डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड, जे एकटेच एक राज्य होते आणि म्हणून व्हर्जिनियाच्या एकोणीस प्रतिनिधींच्या तोडीचे होते, ते नमले. १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत व्हर्माँट व मेरिलँडच्या विरोधकांनी तटस्थता पत्करली, बेयर्डनी कोरी चिठ्ठी टाकली, आणि दहा राज्यांनी जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे पेच सुटला तो कुणाच्या मतपरिवर्तनाने नव्हे, तर काही जणांनी काहीच न लिहिल्याने. ४ मार्चला पहाटेच, नव्या राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी टाळून, ॲडम्स गाडीत बसून घराकडे निघाले. त्यांच्यावर याबद्दल बरीच टीका होते. मला त्या प्रस्थानातले दुसरे अंग महत्त्वाचे वाटते: हरलेला सत्ताधीश गेला. रुसून का होईना, पण गेला.

पुढे बारावी घटनादुरुस्ती झाली आणि राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष यांसाठी वेगवेगळी मते द्यायचे ठरले. जून १८०४ मध्ये तिला पुरेशा राज्यांची संमती मिळाली, आणि पुढच्याच महिन्यात, ११ जुलैला, हडसन नदीकाठी वीहॉकेन येथे द्वंद्वयुद्धात बर यांच्या पिस्तुलाने हॅमिल्टन यांना प्राणांतिक जखम केली. परप्रांतातल्या माणसाचे नाव लिहिण्याची अट दुरुस्तीतही राहिली. पण आता ते नाव कोणत्या आसनासाठी हे आधीच ठरलेले होते, त्यामुळे ती अट उरली तरी तिचा आत्मा निघून गेला.

येथवर मी विवेकाची, अंतराची, दोन नावांची जी कथा सांगितली, तिच्या तळाशी दुसरी एक गणना आहे, आणि ती न सांगता पुढे जाणे अप्रामाणिक होईल. लोकांनी थेट निवड करावी या कल्पनेतली अडचण दाखवताना मॅडिसन यांनी जुलै १७८७ मध्ये उघड म्हटले होते की उत्तरेत मताधिकार अधिक पसरलेला आहे, आणि थेट निवडीत दक्षिणेला तिच्या गुलामांच्या जोरावर काही वजन मिळणार नाही; निर्वाचक नेमले की ती अडचण मिटते. राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब होता, आणि निर्वाचकांची संख्या त्या प्रतिनिधींवरून ठरायची. म्हणून १८०० मध्ये स्वतंत्र रहिवाशांच्या बाबतीत एकमेकांच्या आसपास असणाऱ्या दोन राज्यांपैकी पेनसिल्व्हेनियाला १५ निर्वाचक होते आणि व्हर्जिनियाला २१. ज्याला विचारायचे नाही त्याला मोजायचे, आणि त्या मोजणीचे फळ त्याच्या मालकाच्या पदरात टाकायचे. १७८९ पासूनच्या पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे त्या पदावर व्हर्जिनियाचे गुलामधारक होते. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, ती त्यांनी नीग्रो गुलामांना दास्यातून सोडवले म्हणून. पुण्यात बसून ज्या मुक्तीला ते वंदन करत होते, ती मिळायला राज्यघटनेपासून ७८ वर्षे आणि एक भीषण यादवी युद्ध लागले होते. विवेकी पुरुषांनी एकांतात बसून ठरवावे ही कल्पना मला मोहवते, तेव्हा त्या एकांताचे भाडे कोण भरत होते हे मी स्वतःला विचारायला हवे.

निर्वाचक कसे निवडायचे हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोडले होते, आणि तेथेच पुढच्या सगळ्या खेळ्यांना अंगण मिळाले. १८०० मध्ये सोळापैकी अकरा राज्यांत विधिमंडळेच निर्वाचक नेमत होती. दक्षिण कॅरोलिनाने तर हा हक्क १८६० पर्यंत सोडला नाही. मतदान कुठे चिठ्ठीने होई, कुठे तोंडी. व्हर्जिनियात स्थानिक निवडणुकीला मतदार अधिकाऱ्यासमोर उभा राहून मोठ्याने नाव सांगे आणि शेजारी बसलेला उमेदवार झुकून त्याचे आभार मानी. १७५८ मध्ये तरुण वॉशिंग्टननी प्रांतिक सभेची निवडणूक लढवली तेव्हा मतदारांच्या आदरातिथ्यासाठी रम, पंच, वाइन आणि बिअर यांचे पाट वाहिले होते. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया व विधवा १८०७ पर्यंत मत देत, मग तो हक्क काढून घेण्यात आला. एकाच देशात इतक्या तऱ्हा नांदत होत्या की ‘अमेरिकेची निवडणूक’ असे एकवचन वापरताना संकोच वाटावा.

आणि प्रत्येक तऱ्हा बदलता येत होती, तीही नेमकी वेळ साधून. व्हर्जिनियात जिल्हावार निर्वाचक निवडले तर काही फेडरलिस्ट निसटतील हे दिसताच जेफर्सनच्या पक्षाने १८०० च्या आरंभी सारे निर्वाचक राज्यभरच्या एकाच यादीतून, जिंकेल त्याला सगळे, अशा रीतीने निवडण्याचा कायदा केला. मॅसॅच्युसेट्सने उलट दिशेने तेच केले आणि निवड लोकांकडून काढून विधिमंडळाकडे घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमधली प्रांतिक निवडणूक हरल्यावर हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिले, की नवे विधिमंडळ येण्याआधी जुन्यालाच बोलावून नियम बदलून घ्यावा. अशा संकटात फार सोवळे राहून चालत नाही, असेही त्यात होते. जे त्यांच्याच पक्षाचे, त्यांचे स्नेही. त्यांनी पत्राला उत्तर दिल्याचे दिसत नाही. त्या कागदावर मात्र एवढीच नोंद केली, की पक्षहितासाठी सुचवलेले हे पाऊल उचलणे आपल्याला शोभणार नाही. मग पत्र ठेवून दिले. या साऱ्या इतिहासात यंत्रणेने जे सांभाळायचे होते ते अशा एखाद्या ठेवून दिलेल्या पत्राने सांभाळल्याचे अनेकदा दिसते, आणि यंत्रणा लिहून ठेवता येते तशी ही वृत्ती लिहून ठेवता येत नाही.

१८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ निर्वाचक मिळाले, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४. जेथे लोक मत देत होते तेथेही जॅक्सन पुढे होते. पण बहुमत कुणालाच नव्हते. प्रश्न पुन्हा प्रतिनिधिगृहात गेला, आणि ९ फेब्रुवारी १८२५ ला पहिल्याच फेरीत तेरा राज्यांनी ॲडम्सना निवडले. चौथ्या क्रमांकाचे हेन्री क्ले ॲडम्सच्या बाजूने उभे राहिले होते आणि लवकरच परराष्ट्रमंत्री झाले. सौदा झाला हा आरोप दोघांना आयुष्यभर पुरला. पाहण्याजोगे हे की जॅक्सनचे लोक चिडले ते नियम मोडला म्हणून नव्हे. नियम तंतोतंत पाळला होता. दरम्यानच्या ३६ वर्षांत लोकांची निवडीविषयीची कल्पनाच बदलली होती, आणि नियमाला ते कुणी कळवले नव्हते.

त्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १८२३ मध्ये, निवृत्त होऊन माँटपेलियरला राहणाऱ्या ७२ वर्षांच्या मॅडिसन यांनी एक पत्र लिहिले. फिलाडेल्फियातली ती योजना सभेच्या अगदी शेवटी ठरली, आणि थकवा नि उतावीळ यांची छाया तिच्यावर पडल्यावाचून राहिली नाही, असे त्यांनी त्यात मान्य केले. जिंकेल त्याला सगळे ही राज्यांनी उचललेली रीत त्यांना पसंत नव्हती, निर्वाचक जिल्हावार निवडले जावेत असे त्यांचे म्हणणे होते. आणि मग त्यांनी एक नवा आराखडा सुचवला: प्रत्येक निर्वाचकाने पुन्हा दोन नावे द्यावीत, एक पहिल्या पसंतीचे, एक दुसऱ्या. पहिल्या यादीत कुणाला बहुमत नसेल आणि दुसऱ्या यादीत एखाद्याला असेल, तर तोच राष्ट्राध्यक्ष व्हावा. दोन्हीकडे नसेल तर मगच काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मिळून ठरवावे. छत्तीस वर्षांपूर्वीचे त्यांचे ते वाक्य, की दुसरा माणूसच वस्तुतः पहिला ठरेल, आता कायद्याच्या भाषेत अवतरले होते. ज्यांना ते पत्र लिहिले ते जॉर्ज हे, राष्ट्राध्यक्ष मनरो यांचे जावई. आणि १८०७ मध्ये रिचमंडच्या न्यायालयात ॲरन बर यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील म्हणून उभे होते तेही हेच.